तारणाची मुदत बाजाराला कशी कळली?
पतसंस्थेच्या संचालक मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व संचालक,
आपली सहकारी पतसंस्था,
निफाड तालुका, जि. नाशिक

सन्माननीय अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. पतसंस्थेचं नाव चारचौघांत आलं की दुसऱ्या दिवशी ठेवी काढायला रांग लागते, आणि माझा हेतू तो नाही. पत्र कुणाला आहे हे आपल्याला कळेल, सभासदांनाही कळेल.

आधी माझा संबंध सांगते. मी संस्थेची सभासद आहे. सासरचं घर निफाड तालुक्यात, शेती एकत्र. व्यवसायाने कर सल्लागार, कार्यालय नाशिकला. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब पाहायचे आणि एकाच्या कागदात काय आहे ते दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, एवढ्यावर आमचा धंदा उभा असतो. त्यामुळे जे झालं ते मला जरा जास्तच लागलं.

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, ऐनवेळच्या विषयांमध्ये, ‘डिजिटल तारण पावती’ योजनेचा ठराव आला. जेवणाची वेळ होत आली होती. मागून दोन-चार आवाज ‘मंजूर, मंजूर’ म्हणाले आणि ठराव झाला. सभासदांनी गोदामात ठेवलेल्या मालाच्या पावत्यांची टोकनं, म्हणजे संगणकावरची डिजिटल रूपं, करायची, ती सार्वजनिक ब्लॉकचेनवर, म्हणजे कुणालाही उघडून पाहता येणाऱ्या संगणकीय नोंदसाखळीवर, नोंदवायची आणि पुढे बाहेरच्या गुंतवणूकदारांना त्यात पैसे घालता येतील अशी सोय करायची, असा तो ठराव. पहिला टप्पा मका आणि सोयाबीनचा. तो नोव्हेंबरात सुरूही झाला. पुढच्या टप्प्यात सोने तारण आणि मुदत ठेवी घेणार, असं अहवालात छापलं आहे.

माझ्या मोठ्या दिरांनी खरिपाचा मका या योजनेत ठेवला. २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर झालेला, आणि हंगामात बाजार समितीत मका त्याच्या बराच खाली जात होता. अशा वेळी शेतकरी माल विकत नाही, गोदामात टाकतो, त्यावर उचल घेतो आणि भाव सुधारण्याची वाट पाहतो. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून हेच करते: मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, १८० दिवसांची मुदत. आपल्या संस्थेची योजना त्याच धर्तीवर बेतलेली. या व्यवहाराचा सगळा जीव कशात आहे? शेतकरी थांबू शकतो, आणि तो किती दिवस थांबू शकेल हे घेणाऱ्याला माहीत नसतं.

एप्रिलअखेर दिरांना एका व्यापाऱ्याचा फोन आला. “भाऊसाहेब, एकोणीस मेच्या आत पैसे भरायचेत ना? मग आत्ताच देऊन टाका. नंतर लिलाव निघाला तर एवढाही भाव मिळायचा नाही.” त्याने सांगितलेला भाव त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा कमी होता. दिरांनी ही मुदत घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती.

संध्याकाळी पुतण्याने मोबाइलवर ती ब्लॉकचेन उघडली. त्यासाठी ना पासवर्ड लागला, ना परवानगी. पडद्यावर आलं ते असं: पीक मका. निव्वळ वजन २१२.४० क्विंटल. ओलावा १३.८ टक्के. गोदामाचा संकेतांक, गावाचा संकेतांक. उचल २,७०,००० रुपये. मुदत १९ मे. नावाच्या जागी अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ. आता, आमच्या गावातून त्या आठवड्यात दोनशे क्विंटलच्या वर मका एकाच घरातून निघाला होता. ट्रॉल्या भरताना अख्ख्या गावाने पाहिल्या होत्या. घर ओळखायला आणखी काय लागतं?

दिरांनी मका त्या भावात दिला नाही. भाऊबंदांकडून हातउसने घेतले आणि मुदतीआधी कर्ज मोकळं केलं. ज्यांना असे हातउसने देणारे नाहीत, त्यांनी काय केलं असेल याची चौकशी मंडळाने करावी. त्या व्यापाऱ्याला मी दोष देत नाही. समोरच्याचे पत्ते टेबलावर उघडे पडले असतील तर कुणीही पाहील. ते उघडे टाकले आपल्या संस्थेने.

आता तक्रारी.

पहिली तक्रार अशी की संस्थेने नाव झाकलं आणि काम झालं असं मानलं. मी कार्यालयात विचारायला गेले तेव्हा उत्तर मिळालं, “मॅडम, नाव कुठेच नाही, फक्त हॅश आहे.” हॅश म्हणजे माहितीवरून गणिताने काढलेला एक ठसा; ठशावरून मूळ माहिती उलटी काढता येत नाही, हे खरं. पण मूळ माहिती मोबाइल नंबर असेल तर? दहा आकडी नंबर सगळे मिळून हजार कोटींच्या पलीकडे जात नाहीत. एकेकाचा ठसा काढून जुळवत बसायचं काम संगणकाला फार वेळ पुरत नाही. आणि आमच्या बाबतीत तेवढंही करावं लागलं नाही. गाव, पीक आणि वजन यांनीच चुगली केली. त्याहून वाईट पुढचं आहे. त्या माळेमागचं घर एकदा कळलं की त्याच खात्यावरची मागची आणि पुढची प्रत्येक उचल, प्रत्येक फेड आणि प्रत्येक उशीर कायमचा उघडा राहतो. पावती संपली, कर्ज फिटलं, तरी नोंद पुसली जात नाही. न पुसणं हाच ब्लॉकचेनचा गुण म्हणून सांगितला जातो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मात्र २०२३ साली झाला आहे, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्या कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. ही मुदत तयारीसाठी दिलेली आहे. तेवढ्या वेळात न पुसता येणाऱ्या जागी सभासदांची माहिती भरून ठेवावी, असा तिचा अर्थ कुणी काढला असेल तर तो अजब आहे.

दुसरी तक्रार मला सगळ्यांत गंभीर वाटते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ३२ आपण सगळ्यांनी पुन्हा एकदा वाचावं. सभासदाला संस्थेच्या कार्यालयात विनाशुल्क काय पाहता येतं, त्याची तिथे यादी आहे: उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं, समितीच्या सभांची इतिवृत्तं, आणि हिशेबाच्या वह्यांतला तेवढाच भाग ज्यात त्याचे स्वतःचे व्यवहार आहेत. स्वतःचे! शेजाऱ्याचे नाही. म्हणजे कारभार सर्व सभासदांना खुला, आणि सभासदाचं खातं त्याच्यापुरतं, अशी ही व्यवस्था आहे. आपण ती नेमकी उलटी केली. माझ्या दिरांची उचल जगाला दिसते. पण ज्या तंत्रज्ञान कंपनीशी संस्थेने करार केला तो करार आणि तो मंजूर केलेल्या सभेचं इतिवृत्त मी लेखी अर्ज करून मागितलं, तर सांगितलं गेलं की ते गोपनीय आहे. कंपनीला दर पावतीमागे काय मिळतं, सभासदांच्या डिजिटल खात्यांच्या खासगी किल्ल्या (खातं चालवायचे गुप्त संकेत) कुणाच्या ताब्यात आहेत, उद्या कंपनी बंद पडली तर काय, यातलं काहीही मला कळू शकलं नाही. दिरांनी तर आपलं डिजिटल खातं कधी पाहिलेलंही नव्हतं. त्यांच्या हातात फक्त एक एसएमएस होता.

तिसरी तक्रार अजून न झालेल्या गोष्टीबद्दल आहे, म्हणून अधिक घाईची. सोने तारण या साखळीवर आणू नका. संस्थेच्या काउंटरवर दुपारच्या वेळी कोण येतं ते आपल्या कर्मचाऱ्यांना विचारा. मुलाची फी, माहेरचं आजारपण, नवऱ्याला न सांगता भागवायची एखादी नड. बाई पाटल्या किंवा पोत रुमालातून काढते, सराफ वजन करतो, ती पावती ब्लाउजमध्ये खोचते आणि निघते. सहा महिन्यांनी सोडवून नेते, घरात कुणाला पत्ता लागत नाही. गाव, वजन, उचल आणि तारीख उघड झाली तर हे व्यवहार थांबतील असं नाही. ते खासगी सावकाराकडे जातील. पतसंस्था गावागावांत निघाल्या त्या नेमक्या सावकाराचा दरवाजा बंद व्हावा म्हणून.

चौथी, माझ्या व्यवसायातली. हे टोकन कायद्याच्या नजरेत नेमकं काय आहे? प्राप्तिकर कायद्यात २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या (क्रिप्टो चलनं, टोकनं वगैरे) नफ्यावर ३० टक्के कर आहे, हस्तांतरणावर १ टक्का उद्गम कर कपात (टीडीएस) आहे, आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. तारण पावतीचं टोकन या व्याख्येत येतं का, यावर संस्थेने कुणाचा लेखी अभिप्राय घेतला आहे का? बाहेरच्या गुंतवणूकदारांचे पैसे घ्यायला कुणाची परवानगी आहे? गुजरातेत गिफ्ट सिटीच्या नियामकाने प्रत्यक्ष मालमत्तांच्या टोकनीकरणावर फेब्रुवारी २०२५ मध्ये सल्लामसलतीचा मसुदा काढला. जिथे यासाठी खास क्षेत्र आहे तिथेही आधी विचारणा होते. आणि वखार विकास व नियामक प्राधिकरणाच्या इलेक्ट्रॉनिक गोदाम पावत्या तर २०१७ पासून आहेत. त्यांच्या नोंदी नियामकाच्या देखरेखीखालच्या दोन संगणकीय नोंदणी संस्थांत राहतात, त्यावर बँका कर्ज देतात, आणि त्या रस्त्यावरच्या कुणाला दिसत नाहीत. तो मार्ग का सोडला, हे अहवालात एका ओळीनेही नाही.

पाचवी थोडक्यात. साखळीवर लिहिलं म्हणून गोदामात पोती आहेत असं होत नाही. २०१३ साली नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या शेतमालाच्या ऑनलाइन बाजारात सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले, कारण पावत्यांमागचा माल जागेवर नव्हता. पोती मोजायला माणूसच जावा लागतो. ही तपासणी कोण, कधी करणार, ते ठरावात नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, बाईंना तंत्रज्ञानाचं वावडं आहे. तसं नाही. एकच माल दोन ठिकाणी तारण ठेवणं, खोट्या पावत्या, खाडाखोड केलेली रजिस्टरं हे सगळं मी कामात पाहते. नाशिककरांना तर छापील कागदावरच्या विश्वासाची किंमत वेगळी सांगायला नको. तेलगीच्या बनावट मुद्रांकांच्या प्रकरणात नाशिकरोडच्या प्रेसचं नाव किती दिवस गाजत होतं ते आठवा. बदलता न येणारी, सगळ्या संबंधितांकडे एकसारखी असलेली नोंदवही ही चांगलीच गोष्ट आहे. माझं भांडण ‘संबंधित’ कोण, यावर आहे. (त्याच नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. प्रत्येक नोटेवर क्रमांक असतो, पण ती कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात गेली याची वही कुणी ठेवत नाही, आणि त्यावाचून देशाचं काही अडलं नाही.)

एका संचालकांनी मला असंही ऐकवलं की सातबाऱ्यावरचा बोजा कुणालाही दिसतो, मग याचीच ओरड का? प्रश्न रास्त आहे. जमीन घेणाऱ्याला तिच्यावर बोजा आहे का हे कळलंच पाहिजे, नाहीतर तो फसेल; म्हणून ती नोंद खुली आहे. तारण मालाच्या बाबतीत कर्ज देणाऱ्याला एवढंच कळायला हवं की हा माल खरा आहे, आणखी कुठे गहाण नाही, आणि उचल किमतीच्या ७५ टक्क्यांच्या आत आहे. माल कुणाचा, किती आणि मुदत कधी संपते हे बाजाराला कळण्याची गरज नाही. शिवाय सातबारा पाहून कुणी माझ्या जमिनीचा उद्याचा भाव पाडत नाही. मक्याचा पाडतो.

आणि ‘लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाची’ या वाक्याला उत्तर द्यायचीही माझी इच्छा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी ते देऊन ठेवलं आहे: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

तंत्रज्ञान याला अडत नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. आकडा न दाखवता ‘उचल ७५ टक्क्यांच्या आत आहे’ एवढंच सिद्ध करता येतं. झीरो-नॉलेज प्रूफ म्हणून ओळखलं जाणारं हे गणित गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ या तिघांनी १९८५ साली मांडलं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या झीकॅश या चलनात ते प्रत्यक्ष वापरात आलं. तिथे व्यवहार झाकलेला राहतो आणि मालक हवं तर आपल्या लेखापरीक्षकाला नुसती पाहण्याची किल्ली देऊ शकतो. सगळ्यांना सगळं दिसणारी साखळी अनेक मोठ्या बँकांनाही नको होती. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या कँटन नेटवर्कमध्ये गोल्डमन सॅक्स, बीएनपी पारिबा यांच्यासारख्या संस्था उतरल्या, कारण तिथे प्रत्येकाला व्यवहाराचा आपल्यापुरता भाग दिसतो. हायपरलेजर फॅब्रिक या संस्थांसाठीच्या ब्लॉकचेन प्रणालीतही ठरावीक सदस्यांपुरत्या वेगळ्या वाहिन्या करता येतात. आपले ग्राहक कोण आणि कुणाला किती दिलं हे प्रतिस्पर्ध्याला दिसू नये, म्हणून या बँकांनी एवढा खटाटोप केला. निफाडच्या शेतकऱ्याला तेवढाही आडोसा नको?

पूर्ण निनावी व्यवहार मलाही नको आहेत. टोर्नेडो कॅश या क्रिप्टो व्यवहारांचा माग झाकणाऱ्या सेवेवर अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये निर्बंध आणले ते काळा पैसा तिच्यातून फिरत असल्याच्या कारणाने. पुढे मार्च २०२५ मध्ये ते उठले, पण त्यामागची काळजी खोटी नव्हती. आपल्याकडे ७ मार्च २०२३ पासून आभासी मालमत्तेचे व्यवहार मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले, ते योग्यच झालं. लेखापरीक्षक, निबंधक, कर्ज देणारी बँक आणि कायद्याने अधिकार असलेली तपास यंत्रणा यांना आमचं खातं दिसलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेनेही डिजिटल रुपयाच्या ऑक्टोबर २०२२ च्या टिपणात छोट्या रकमांना निनावीपणा आणि मोठ्यांना माग, असाच विचार मांडला होता. कोणाला काय दिसावं हे ठरवून मगच वही उघडायची असते. आपण वही आधी उघडली.

तेव्हा मागण्या.

आजपासून एकही नवी पावती सार्वजनिक साखळीवर जाऊ नये, आणि सोने तारण व ठेवींचा टप्पा लेखी आदेशाने थांबवावा.

पहिल्या टप्प्यातल्या ज्या सभासदांचं कर्ज अजून फिटलेलं नाही, त्यांच्या मुदती जगाला माहीत झाल्या आहेत. त्या पुसता येणार नाहीत. पण निरुपयोगी करता येतात. प्रत्येकाला दंडव्याज न लावता मुदतवाढ द्या, आणि नवी तारीख फक्त संस्थेच्या वहीत आणि सभासदाच्या हातात ठेवा. ही मागणी मंडळ एका बैठकीत मान्य करू शकतं. त्याला ना कंपनी लागते, ना सॉफ्टवेअर. सोयाबीन आणि मक्याच्या कितीतरी पावत्यांची मुदत जवळ आलेली आहे, म्हणून ही सगळ्यांत आधी करावी.

कंपनीशी झालेला करार, आणि कलम ३२ प्रमाणे संबंधित सभांची इतिवृत्तं, पाहायला मिळावीत. कर आणि परवानग्यांबाबतच्या वरच्या प्रश्नांना सही-शिक्क्यानिशी उत्तर मिळावं. कंपनीच्या माहितीपत्रकाची झेरॉक्स हे उत्तर नव्हे.

पुढे योजना चालवायचीच असेल तर ती ठरावीक सदस्यांच्या बंदिस्त जाळ्यावर चालवा. सभासदाची ओळख पटेल असा कोणताही तपशील, हॅशच्या रूपातसुद्धा, साखळीवर जाता कामा नये. तो संस्थेकडे पुसता येईल अशा जागी राहावा. लेखापरीक्षक आणि उपनिबंधक यांना पाहण्याची सोय असावी आणि कुणी केव्हा पाहिलं याची नोंद सभासदाला मिळावी. गोदामाची तपासणी संस्थेबाहेरच्या माणसाकडून व्हावी. संमतीपत्र मराठीत, वेगळ्या कागदावर असावं. कर्जाच्या अर्जातल्या बारीक अक्षरांत नको. जो संमती देणार नाही त्याला जुन्या पद्धतीने, त्याच व्याजदराने कर्ज मिळालं पाहिजे.

या सगळ्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवा आणि हा विषय पत्रिकेवर पहिला ठेवा. आपण स्वतःहून बोलावली तर उत्तम. नाहीतर कलम ७६ खाली एक पंचमांश सभासदांच्या लेखी मागणीवर ती महिन्याच्या आत घ्यावी लागते. उपविधींत त्याहून कमी संख्या असेल तर तेवढ्या सह्या पुरतात. मागणीपत्र छापून झालं आहे आणि गावोगाव सह्या सुरू आहेत. संचालकांपैकी कुणाला सही करायची असेल तर तेही सभासदच आहेत.

आपली,
एक सभासद
(सभासद क्रमांक मूळ पत्रावर आहे)
नाशिक

प्रत माहितीसाठी: मा. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, नाशिक